शेजारची झाडं

माझी धाकटी जाऊ आणि मी, आम्ही दोघी एका घरात आलो तेव्हापासून भांडलो. चुलीवरून नाही, पोरांवरून नाही, नवऱ्यांवरून तर मुळीच नाही. ते दोघे भाऊ इतके गरीब स्वभावाचे की त्यांच्यावरून भांडण काढायचं म्हटलं तरी मुद्दा सापडत नसे. आम्ही भांडलो डोंगळ्यांवरून. राहुरीपासून थोडं आत, मुळेच्या कालव्याच्या पाण्यावर आमचं रान आहे आणि आम्ही कांद्याचं बी करतो. कांदाचाळीत साठवलेले निवडक कांदे थंडी लागायच्या सुमारास पुन्हा मातीत लावायचे. त्यांना दांडे फुटतात, दांड्यांवर पांढरे गोंडे येतात, गोंड्यांत काळं बी भरतं. हेच डोंगळे. रस्त्यानं जाणाऱ्याला ते सगळं रान एकसारखं दिसतं. आम्हाला दिसत नाही.

त्या रानातली भेसळ काढायची असते. एखादं झाड दुसऱ्याच जातीचं निघतं, पात जरा वेगळी हिरवी, दांडा लवकर वर आलेला. ते उपटायचं. एवढं तर सगळेच करतात. मी त्याच्या शेजारची झाडंसुद्धा उपटते. भेसळीचं झाड आधी फुलतं, मधमाशी त्याच्यावर बसते, तिथून उठून शेजारच्या गोंड्यावर बसते, आणि मग त्या गोंड्यात भरणारं बी आपलं राहत नाही. झाड तेच, गोंडा तोच, वरून काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते पुढं, गुलाबी कांद्यात पांढरा निघाला की. तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं राहून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतं.

जाऊ माझ्या मागून यायची, मी उपटून टाकलेली झाडं उचलून बघायची आणि कळवळायची.

"आक्का, चांगली दिसत्यात की गं!"

"दिसन्यावर जाऊ नगंस."

"सुक्याबरबर वलं बी जाळायचं, ह्यो कुठला न्याव?"

"न्याव न्हाई बाई, बियानं हाय."

"बरं, उपटते," ती म्हणायची आणि माझी पाठ फिरली की चार-दोन झाडं तशीच ठेवायची. मला ती सापडायचीच. मग माझा आवाज चढायचा, तिचा त्याहून चढायचा, आणि कालव्यावरून जाणारी माणसं सायकली थांबवून आमची मजा बघायची. बोलायची तरी किती ती! गाईशी बोलायची, भाकरीशी बोलायची, मोटार चालू होईना तर मोटारीला पाव्हण्यासारखं समजावून सांगायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आसपास तिच्या लेकीची सुपारी फुटली. एकुलती एक लेक, नगरला सावेडीतल्या एका शाळेत शिकवते, तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होती. मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला, डोंगराच्या पायथ्याशी भाताची शेती, थोडा कांदा, शिवाय गावचं दूध गोळा करायचं काम. पोरं एकमेकांना आवडली होती. लग्न माघात धरलं. आमच्या घरात एक रीत आहे. लेक सासरी निघाली की तिची आई तिच्या ओटीत घरच्या कांद्याचं बी घालते, मूठभर, पिवळ्या फडक्यात बांधून. कुणी सुरू केलं कुणास ठाऊक, पण माझ्या दोन्ही नणंदा तसंच बी घेऊन गेल्या. जावेनं सुपारी फुटली त्याच दिवशी फडकं हळदीत बुडवून वाळत घातलं होतं. "लई घाई झालीया जनू," असं मी म्हटलं तर म्हणाली, "मला एकच तर लेक हाय, तुज्यासारखं पोरांचं खटलं न्हाई."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही चाळीत लावणीचे कांदे निवडत बसलो होतो. तिनं एक जोडकांदा उचलला आणि म्हणाली, "ह्यो... ह्यो त्यो... दोन... काढ." मी म्हटलं, "जोडकांदा म्हन की. जीभ कुठं गहान टाकलीस?" ती हसली. थोड्या वेळानं तिनं बादलीला बैल म्हटलं. आम्ही दोघी हसलो. मग तिच्या उजव्या हातातून कांदे गळायला लागले, एक, मग दुसरा. हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा मात्र मी नवऱ्याला हाक मारली.

नगरच्या हॉस्पिटलात फोटो काढले. डोक्यात डाव्या बाजूला गाठ, आणि तीसुद्धा भराभर वाढणारी. ऑपरेशन करणारी डॉक्टर बाई होती, वयानं आमच्या पोरीपेक्षा थोडी मोठी, बोलणं तुटक, पण समोरच्याला कळेपर्यंत खुर्चीतून न उठणारी. तिनं एका हाताची मूठ वळली आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्या मुठीभोवती धरला.

"मूठ म्हणजे गाठ. ती मी काढीन. अडचण या पंज्याची आहे. गाठीच्या भोवतीचा हा भाग डोळ्याला चांगला दिसतो, फोटोतही बऱ्याचदा चांगला दिसतो. पण तिथल्या काही पेशींच्या आत, जनुकांत, गाठीतलेच काही बदल होऊन बसलेले असतात. काही पेशी मुळात चांगल्या असतात, पण गाठीच्या शेजारानं त्यांचं वागणं बदलतं. म्हणून गाठ काढली तरी ती बहुतेक वेळा परत येते, आणि येते ती या कडेनंच."

मी जावेकडे बघितलं, जावेनं माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघींना एकाच वेळी एकच गोष्ट आठवली होती.

"मग काढा की सगळी कड," मी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"काढली तर बोलणं जाईल. उजवा हातही जाईल कदाचित. जिथं धोका नाही तिथली थोडी कड काढेन, बाकीची ठेवावीच लागेल. नंतर किरण आणि गोळ्या देऊन ती दाबून धरायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरवर नाही. रानात मी चार झाडं जास्त उपटते तेव्हा माझं काय जातं? इथं चार पेशी जास्त उपटल्या की माणसाचं बोलणं उपटून येणार होतं. माझा एवढा पक्का नियम, आणि जिथं तो लागणार होता तिथं तो चालत नव्हता.

मग डॉक्टरनं विचारलं, की जी थोडी कड निघेल तिच्यातला कणभर तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत अभ्यासाला पाठवू का, सोबत ताडून बघायला रक्त. "यातून तुमची गाठ बरी होणार नाही, आधीच सांगते. पुढच्यांना झाला तर उपयोग होईल." माझा दीर, तिचा नवरा, ज्यानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तो ताडकन उठला. "डोक्यातला तुकडा पुन्याला? न्हाई जमायचं!" जावेनं डाव्या हातानं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. "घ्या," ती डॉक्टरला म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली आणि शब्द शोधत शोधत म्हणाली, "शेजारची... उपटा." आयुष्यभर ज्या गोष्टीवर भांडली ती तिनं त्या दिवशी मान्य केली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला जिन्यात जाऊन रडावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. बोलणं पुष्कळसं राहिलं, तुटक तुटक, पण राहिलं. पुढं रोज किरण द्यायला न्यायचं होतं, म्हणून ती आणि मी सावेडीत लेकीकडे राहायला गेलो. रान नवऱ्याच्या आणि दिराच्या हवाली केलं. लेक शाळेला जायच्या आधी आईला स्कूटीवर मागं बसवून न्यायची, आणि मी मागून रिक्षानं, रिक्षावाल्याला "त्या स्कूटीच्या मागं चल रं बाबा, सोडू नगंस" असं बजावत.

मधे एकदा डॉक्टरनं घाईघाईत सांगितलं, की पुण्याहून कळलंय, कडेच्या तुकड्यातही जनुकांचे बदल सापडले, आपण धरलं होतं तसंच. तिला पुढच्या ऑपरेशनला जायचं होतं, ती गेली. जाऊ तिथंच बाकावर बसून राहिली.

त्या दिवसापासून घरात काहीतरी बिनसलं. जावेनं स्वतःची कपबशी वेगळी काढली. लेकीनं शेजारी अंथरूण टाकलं की ही उठून माझ्या पलीकडे जायची. लेक केस विंचरायला आली की डोकं बाजूला घ्यायची. लहानपणापासून ती पोरगी आईच्या ताटातला शेवटचा घास खायची, इतकी मोठी, मास्तरीण झाली तरी. आई आता ताटाभोवती हात धरून जेवायची. एक दिवस मी स्वयंपाकघरात गेले तर पोरगी नळ मोठा सोडून रडत होती.

"मोठी आई, मी काय केलं गं? आई मला हात लावू देत नाही."

मी बाहेर आले ती तरातरा. "काय चालवलंस गं हे? लेकरू रडतंय तिकडं!" जाऊ बराच वेळ तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत राहिली. मग तिनं आपल्या डोक्याला हात लावला, मग दाराकडे, लेकीकडे बोट दाखवलं.

"शेजारची," ती म्हणाली. "लेक... सगळ्यात शेजारची."

तेव्हा मला कळलं. डॉक्टरच्या तोंडून तिनं ऐकलं होतं की वाईटाच्या शेजारचं चांगलं दिसणारंही आतून बदलतं. ते तिला माझ्याकडून आधीच पाठ होतं. आणि तिच्या पोटात वाढलेली, तिच्याच ताटात जेवलेली लेक, तिच्याहून जवळ कोण होतं? बी करणाऱ्या बाईचंच डोकं असं चालेल, दुसऱ्या कुणाचं नाही. मी तिला म्हटलं, अगं त्यो डोक्याच्या आतला शेजार, ह्यो आजार शिवून होत न्हाई. तिनं मान हलवली आणि बोटानं आपल्या पोटाकडे दाखवलं. तिला नुसतं शिवण्याचं म्हणायचं नव्हतं. बियाचं म्हणायचं होतं. "बी... बदललं," ती म्हणाली. "ओटी... तू भर. मी न्हाई."

मरणाला ती भीत नव्हती, हे मी लिहून देते. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, की जाताना आपण लेकीला हे देऊन चाललो. मी ठरवलं, हिला जायचं असेल तर जाईल, ते माझ्या हातात नाही. पण हे घेऊन मी हिला जाऊ देणार नाही.

एवढ्यात मुलाची आई भेटायला आली. अकोल्याहून एस.टी.नं, सोबत घरच्या आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं. चहा पुढं केला. आणि आमच्या बाईसाहेबांनी, हात दाखवून अवलक्षण, तिला सरळ सांगून टाकलं. शब्द तीन-चारच होते, पण पुरेसे होते. डोकं. बी बदललं. लेक. त्या बाईनं कप खाली ठेवला. मी मधे पडून सारवासारव केली, पण चहा अर्धा टाकून ती निघाली. आठवडा गेला, फोन नाही. मुलाचा लेकीला रोज फोन होता, पण त्याच्या आईचा नाही. माघातलं लग्न पुढं ढकलायचं म्हणून निरोप आला, कुणातरी पाव्हण्याच्या तोंडी.

मी लुगड्याचा ओचा खोचला आणि अकोल्याची एस.टी. धरली. तिथून पुढं जीप. जीपमधे माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, आणि मी सगळ्या वाटेनं काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते.

विहीणबाईंनी पाणी दिलं, ओसरीवर बसवलं. बाई वाईट नव्हती. माझ्यासारखीच हट्टी होती, बस्स.

"आमी मोडलं न्हाई म्हनलेलं," ती म्हणाली. "पन आक्का, खान तशी माती. उद्या माज्या नातवंडांच्या डोक्यात निगालं तर मी कुनाला इचारू?"

"आवं, कांद्याला सड लागली तर शेजारचा कांदा सडतो," मी म्हटलं. "म्हनून त्याचं बी सडकं निगतं का?"

तिनं माझा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "निगतं की कवा कवा. आमच्या भातात करपा बियातनंच उतरतो. तुमाला म्हाईत न्हाई?"

मला माहीत होतं. कांद्याचेही काही रोग बियातून उतरतात, आणि हे मला तिच्याहून जास्त माहीत होतं. येताना सगळ्या वाटेनं घोळवलेलं माझं सगळं बोलणं तिथंच संपलं. ओसरीपुढं तिचं खळं होतं, सारवून लख्ख केलेलं, त्याच्याकडे बघत मी विचार केला, की बाई गं, तुझा राग आणि तुझे दाखले इथं कामाचे नाहीत. जे ठाऊक नाही ते ठाऊक असणाऱ्याला विचारावं.

"मग माज्याबरबर चला," मी म्हणाले. "मलाबी ठाम म्हाईत न्हाई. डॉक्टरनीच्या तोंडून आईकू. ती जर म्हनली बियात हाय, तर मीच तुमाला सांगते, करू नका सोयरीक. पन ती न्हाई म्हनली, तर तुमी तिथंच, माज्या जावंच्या म्होरं, व्हय म्हनायचं."

"लई वाकड्या बोलीची बाई हायेस," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला ती माझ्या शेजारी बसली होती.

डॉक्टरच्या खोलीत आम्ही चौघी गेलो. मी, जाऊ, लेक आणि विहीणबाई. खुर्च्या दोनच होत्या. मी उभ्यानंच विचारलं, आणि मला वाटतं जरा जोरातच विचारलं, कारण बाहेरची नर्स डोकावून गेली. "डॉक्टर, तुमी म्हनला कडंची जनुकं बदलली. ती लेकीत उतरली का? व्हय का न्हाई? मधलं नगं."

डॉक्टरनं आधी जावेकडे बघितलं. मला वाटतं तिच्या तेव्हाच लक्षात आलं, की त्या दिवशी आपण घाईत अर्धंच सांगून गेलो होतो. ती खुर्ची ओढून जावेच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"नाही," ती म्हणाली. "नीट ऐका. तुकड्याबरोबर मी तुमचं रक्तही पाठवलं होतं, आठवतं? ते ताडून बघायलाच. जे बदल गाठीत आणि कडेला सापडले ते रक्तात नाहीत. म्हणजे तुम्ही जन्मलात तेव्हा ते नव्हते. मोठेपणी, मेंदूच्या त्या एका जागी झाले. मेंदूच्या पेशीतून मूल होत नाही. काही थोड्या घराण्यांत धोका पिढ्यान्‌पिढ्या येतो, म्हणून तर मी पहिल्या दिवशी तुमचे आईवडील, भाऊबहिणी, सगळ्यांचं विचारून घेतलं होतं. तुमच्यात तसं काही दिसत नाही." मग तिनं लेकीकडे हात केला. "ही केव्हा जन्मली? हा आजार केव्हाचा? ही आधी झाली. आजार नंतर आला."

जावेच्या ओठांची हालचाल चालली होती. तिला शब्द सापडत नव्हता, आणि मला तो तोंडात आणून द्यायची इतकी घाई झाली होती की मी माझी जीभ चावून धरली. तिचं तिलाच सापडू दे म्हटलं.

"बी," ती म्हणाली. मग थांबली. "बी... आधीच... काढलं."

"व्हय गं माझे आई," मी म्हणाले. "बी आधीच काढून घरात आनलं हुतं. भेसळ मागनं आली रानात."

विहीणबाई पदरानं तोंड पुसत होती. "म्हंजी कनगीत भात भरून झाल्यावर शेतात रोग पडला म्हना की," ती म्हणाली. "मग कनगीला काय त्याचं?" डॉक्टर म्हणाली, "अगदी तसंच." मी विहीणबाईंकडे बघितलं, भुवई वर केली, आणि तिला ठरलेलं आठवलं. ती जावेजवळ गेली, तिचा लुळा पडत चाललेला उजवा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वैशाकात उरकू. तुमी फकस्त खुर्चीवर बसा. बाकीचं आमी दोगी बगतो."

बाहेर गेटजवळच्या टपरीवर आम्ही चहा आणि वडे घेतले. जावेनं डाव्या हातानं वडा उचलला, एक घास खाल्ला. मग उरलेला, दातांची खूण असलेला वडा, तिनं लेकीच्या तोंडापुढं धरला. पोरगी एवढी शिकली-सवरलेली, रस्त्यावर, चार माणसांत, तोंड उघडून उभी राहिली लहान मुलीसारखी. खाल्ला आणि रडली, दोन्ही एकदमच, नाक वाहत होतं तरी पुसायची शुद्ध नव्हती. मी टपरीवाल्याला म्हटलं, "आनखी दे रं, काय बगतोस!"

किरण संपवून आम्ही घरी परतलो, आणि त्या साली डोंगळ्यांची भेसळ मी एकटीनं काढली. मागून कळवळायला कुणी नव्हतं. मी शेजारची झाडं उपटली, सगळी, एकही ठेवलं नाही, आणि बी असं निघालं की काय सांगू, काळंभोर, टपोरं.

पण डोक्यातल्या कडेनं डॉक्टर म्हणाली होती तेच केलं. लग्नाच्या आधीच फोटोत पुन्हा सावली दिसली. बोलणं उतरत गेलं. लग्नाच्या दिवशी तिच्यापाशी तीन-चार शब्दच उरले होते, त्यातला एक "आक्का" होता. आम्ही तिला खुर्चीत बसवलं, अंगावर नवी जरीची साडी, डोक्याला पदर घट्ट लपेटलेला. लेक निघायच्या वेळी मी पिवळं फडकं आणि बियाची वाटी आणली. मला वाटलं होतं, तिचा हात धरून मीच बांधावं. तिनं माझा हात बाजूला सारला. वाटी मांडीवर घेतली, डाव्या तळव्यावर बी ओतलं, आणि बोटानं पसरून बघायला लागली. बाहेर टेम्पो सुरू होऊन धूर सोडत होता, वऱ्हाडी ओरडत होते, "आवरा, आवरा!" विहीणबाईनं त्यांना दरडावून गप्प केलं. जावेनं त्यातून दोन पोचट बिया निवडून काढल्या, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातावर ठेवल्या, म्हणजे बघ, तुझ्या बियात पण पोचट निघतं. मग फुंकर मारली, फडक्यात घातलं, दातांनी आणि एका हातानं बांधलं आणि लेकीच्या ओटीत ठेवून वर हात दाबून धरला. किती वेळ धरला ते मला सांगता येणार नाही. कुणीही तिला आवर म्हटलं नाही.

गणपती उठल्यानंतर ती गेली. आमच्या घरात, दुपारी, माझ्या मांडीवर. मला राग आला होता, अजूनही येतो. गाठीचा येतो, त्या कडेचा येतो, आणि जिथं माझा हात पोचत नव्हता त्या सगळ्याचा येतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत कुणी अजून तिच्या तुकड्याकडे बघतंय की नाही, मला ठाऊक नाही. बघत असतील तर नीट बघा म्हणावं, चांगल्या बाईचा आहे.

लेकीनं ते बी सासरी वाफ्यात टाकलं, कांदे केले, त्यातले निवडक पुन्हा लावले. तिकडं आसपास कुणाचं कांद्याचं बी नाही, म्हणजे रान तसं निर्धोक, पण घरच्याच कांद्यात एखादं वेगळं निघतंच. परवा तिचा फोन आला. मागं वारं होतं, ती रानात उभी होती.

"मोठी आई, डोंगळे आलेत. एक झाड वेगळं दिसतंय, दांडा सगळ्यांच्या आधी आलाय. उपटलं मी."

"शेजारची?"

पात बाजूला सारल्याचा आवाज आला.

"मोठी आई, शेजारची चांगली दिसतायत की गं!"

मी ओसरीवर होते, फोन कानाला घट्ट धरला. आवाज तोच, तो 'की गं'चा हेल तोच, कळवळणं तेच. आईनं कधी हे तिला शिकवलं नव्हतं. ती कधी डोंगळ्यात आमच्या मागं आलीच नव्हती, शाळेतच असायची.

"दिसन्यावर जाऊ नगंस," मी म्हणाले. "उपट सगळी."

"बरं, उपटते," ती म्हणाली.

उपटत नाही ती. तिची आई पण असंच म्हणायची.